लिस्बनमधील शेवटचा दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्तुगालच्या सहलीचा शेवट बहुतेकांच्या बाबतीत लिस्बनमध्ये होतो. पोर्तो, कोइंब्रा किंवा दक्षिणेचा समुद्रकिनारा पाहून झालेला असतो, बॅगा भरायच्या राहिलेल्या असतात आणि परतीच्या विमानाआधी हाताशी एक दिवस, कधी जेमतेम अर्धा दिवस उरलेला असतो. महाराष्ट्रातून आणि गोव्यातून जाणारे प्रवासी, तसेच आईवडिलांना युरोप दाखवणारी तिकडची मराठी मंडळी या दिवसाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. त्या सर्व उत्तरांमागे एक आग्रह आहे. शेवटच्या दिवशी शहराचा एकच भाग निवडावा, आणि १५१० ते १९६१ अशी साडेचारशे वर्षे ज्या शहरातून गोव्याचा कारभार हाकला गेला, त्या शहराकडे पाहताना आपला इतिहास घरी ठेवून जाऊ नये.

एका दिवसात लिस्बन कितपत पाहून होते?

संपूर्ण शहर पाहून होत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. लिस्बन हे चढउतारांचे शहर आहे. नकाशावर पाच मिनिटांचे वाटणारे अंतर प्रत्यक्षात दोन चढ आणि एखादा लांब जिना ओलांडून कापावे लागते, आणि गुळगुळीत झालेल्या दगडी फरसबंदीवर पाय लवकर भरून येतात.

शेवटच्या दिवसापुरते शहराचे दोन भाग मानावेत. पहिला भाग म्हणजे मध्यवर्ती शहरापासून सुमारे ६ किलोमीटर पश्चिमेला तेजो नदीच्या काठी असलेले बेलेम, जेथे जेरोनिमोसचा मठ आणि बेलेमचा बुरूज आहेत. दुसरा भाग म्हणजे जुने शहर. त्यात सपाटीवरील बायशा, तिच्या पश्चिमेच्या चढावरील शियादो आणि कार्मो, आणि पूर्वेला किल्ल्याच्या पायथ्याशी दाटीवाटीने पसरलेली अल्फामाची वस्ती येते. या दोहोंपैकी एकच घ्यावा. सकाळी बेलेम आणि दुपारी अल्फामा असा बेत कागदावर सोपा दिसतो, परंतु दिवसाचा बराचसा भाग ट्रामच्या थांब्यावर आणि तिकिटांच्या रांगेत जातो.

सिंत्रा राहून गेले असेल, तर ते शेवटच्या दिवशी करावे का?

करू नये. रोसियो स्थानकातून रेल्वेने सिंत्रा सुमारे ४० मिनिटांवर आहे हे खरे. परंतु पेना राजवाड्याचे तिकीट ठराविक वेळेचे असते, स्थानकापासून वर जाणाऱ्या बसला गर्दी असते आणि एक टप्पा चुकला की पुढचे सगळे गणित बिघडते. विमान दुसऱ्या दिवशी असेल तरच सिंत्राचा विचार करावा.

विमान दुपारी असेल तर कोणता भाग निवडावा, आणि रात्री असेल तर कोणता?

विमान दुपारचे किंवा संध्याकाळचे असेल तर जुने शहर निवडावे. बायशा-शियादो आणि रोसियो ही दोन्ही मेट्रो स्थानके हिरव्या मार्गावर आहेत. तेथून आलामेदा येथे लाल मार्गाची गाडी पकडली की ती थेट विमानतळावर पोहोचते. चालणे, गाडीची वाट पाहणे आणि मार्ग बदलणे धरून पाऊण तास पुरतो, आणि जेथे असाल तेथून कोणत्याही क्षणी निघता येते.

विमान रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे असेल तर बेलेमला जावे. येथे ऋतूचाही विचार करावा. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तर डिसेंबरमध्ये सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. हिवाळ्यात बेलेमला सकाळीच पोहोचणे श्रेयस्कर, कारण तेथील सौंदर्य बहुतांशी कोरीव दगडाचे आहे आणि दगडाला ऊन लागते.

शेवटचा दिवस सोमवार असेल तर काय करावे?

जेरोनिमोसचा मठ आणि बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात. अशा वेळी बेलेमचा हट्ट सोडून जुने शहर घ्यावे, कारण साओ जॉर्जचा किल्ला, कार्मोच्या मठाचे भग्नावशेष आणि रस्त्यांवरचे सारे सोमवारीही पाहता येते. कार्मोचे संग्रहालय मात्र रविवारी बंद असते. याशिवाय १ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे, शहराचे लाडके संत अंतोनियो यांचा १३ जूनचा दिवस आणि २५ डिसेंबर या दिवशी मठ बंद असतो.

खोली सकाळी रिकामी करायची आहे. सामान कोठे ठेवावे?

बहुतेक हॉटेले त्या दिवसापुरते सामान सांभाळतात, आणि जुन्या शहरात फिरणार असाल तर तेच सर्वांत सोयीचे. हॉटेल दूर असेल तर रोसियो, सांता आपोलोनिया आणि ओरिएंते या रेल्वे स्थानकांवर सामानाचे लॉकर आहेत. यांपैकी ओरिएंते हे विमानतळाच्याच लाल मेट्रो मार्गावर आहे, त्यामुळे जाताना वाट वाकडी करावी लागत नाही. चाकांची बॅग ओढत अल्फामात जाण्याचे धाडस कोणीही करू नये. तेथील गल्ल्यांमध्ये चार पावलांवर पायऱ्या लागतात.

बेलेमला कसे जावे?

प्रासा दो कोमेर्सिओ या नदीकाठच्या मोठ्या चौकातून १५ क्रमांकाची ट्राम मिळते, परंतु ती बहुधा खच्चून भरलेली असते. कायश दो सोद्रे स्थानकातून कास्कायशच्या दिशेने जाणारी लोकल घ्यावी. ती नदीच्या कडेकडेने जाते आणि काही मिनिटांत बेलेमला सोडते. मात्र जलद गाड्या तेथे थांबत नाहीत, म्हणून फलकावर थांब्यांची यादी पाहूनच चढावे.

जेरोनिमोसच्या मठात आपण नेमके काय पाहावे?

वास्को द गामा कालिकतचा जलमार्ग शोधून परतल्यानंतर मनुएल राजाने सोळाव्या शतकाच्या आरंभी हा मठ उभारण्यास सुरुवात केली, आणि आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावर बसवलेल्या सुमारे ५ टक्के करातून त्याचा खर्च भागवला गेला. म्हणजे मलबारच्या मसाल्याच्या पैशातून हा दगड कोरला गेला आहे. राजाच्या नावावरून मनुएलिन म्हटल्या जाणाऱ्या या शैलीत खांबांभोवती दोरखंडाचे पीळ, समुद्री वनस्पती, आर्मिलरी गोल, म्हणजे खगोलाची कडी दाखवणारे यंत्र, आणि ख्रिस्त-संघाचा क्रूस ही चिन्हे पुन्हा पुन्हा येतात. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चचा मुख्य दरवाजा ज्यांनी लक्ष देऊन पाहिला आहे, त्यांना येथे ओळखीची खूण पटेल, कारण तो दरवाजा याच शैलीचा असून पहिल्या चर्चमधून तसाच राखलेला आहे.

चर्चमध्ये शिरताच, वरच्या सज्जाखालच्या मंद उजेडात, एका बाजूला वास्को द गामाची आणि दुसऱ्या बाजूला कवी लुईस द कामोईश याची समाधी आहे. गामा १५२४ च्या डिसेंबरमध्ये कोचीत मरण पावला आणि तेथील सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले. १५३९ मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या आणि १८८० मध्ये त्या या मठात आणल्या गेल्या. कामोईश हा तर स्वतः काही काळ गोव्यात राहिलेला होता. गामाच्या समाधीच्या दगडावर कोरलेले जहाज जवळून पाहावे. शिडांच्या फुगवट्यापर्यंत सारे काम रेखीव आहे. बहुतेक लोक छायाचित्र काढून लगेच पुढे सरकतात.

वेळ थोडा असेल तर केवळ चर्च पाहून बाहेर पडू नये. या वास्तूचा प्राण तिच्या दुमजली प्रांगणात आहे. त्याच्या कमानींमधली जाळी दोन्ही मजल्यांवर वेगळी आहे आणि वरच्या मजल्यावरून ती अधिक नीट उमगते. तिकीट आधी काढून ठेवावे आणि मठ उघडण्याच्या वेळेआधीच रांगेत उभे राहावे. २००७ च्या १३ डिसेंबरला युरोपीय संघाचा लिस्बन करार याच मठात झाला, इतके या जागेचे महत्त्व आजही आहे.

बेलेमच्या बुरुजावरील गेंड्याची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि तिचा आरंभ आपल्याकडचा आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द अल्बुकर्कला एक गेंडा नजर केला. अल्बुकर्कने तो १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजाने रवाना केला आणि मे महिन्यात तो जिवंत लिस्बनला पोहोचला. रोमन काळानंतर युरोपने गेंडा पाहिला नव्हता. राजवाड्याजवळ त्याची एका हत्तीशी झुंज लावण्यात आली, तेव्हा हत्तीने पळ काढला. पुढे राजाने गेंडा पोपकडे भेट म्हणून पाठवला, पण वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले. आल्ब्रेख्त ड्यूररने गेंडा प्रत्यक्ष न पाहता, केवळ वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याचे प्रसिद्ध लाकूडठसा-चित्र केले.

त्याच वर्षांत बेलेमचा बुरूज बांधला जात होता, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला एका छोट्या टेहळणी-बुरुजाखाली गेंड्याचे मस्तक कोरलेले आहे. पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने ते झिजले आहे, तरी काठावरून नीट न्याहाळल्यास दिसते. ते पाहण्यासाठी आत जाण्याची गरज नाही. २०२५ मध्ये बुरूज दुरुस्तीसाठी बंद करण्यात आला होता, म्हणून आत जायचे असेल तर अधिकृत संकेतस्थळ आधी पाहावे. माझ्या मते शेवटच्या दिवशी आतल्या अरुंद जिन्याच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा बाहेरून प्रदक्षिणा घालणे अधिक फलदायी आहे.

बेलेममधील स्मारके विजेत्यांची आहेत. ती पाहताना आपल्याला अस्वस्थ वाटते. मग ती पाहावीत का?

पाहावीत, आणि अस्वस्थता दडपू नये. मठासमोर नदीकाठी शोधयात्रांचे भव्य स्मारक आहे. ते मुळात १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरते उभारले गेले आणि हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत १९६० मध्ये दगडात पुन्हा बांधले गेले. जहाजाच्या नाळेवर ओळीने उभ्या असलेल्या मूर्तींमध्ये वास्को द गामा आणि अल्बुकर्क आहेत, तसेच जुन्या गोव्यात ज्यांचे पार्थिव जतन केले आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियरही आहेत. समोरच्या फरशीवर ५० मीटर व्यासाचे दिशाचक्र असून मधोमध जगाच्या नकाशावर पोर्तुगीज जहाजे कोठे केव्हा पोहोचली, याची वर्षे दिली आहेत. हे स्मारक पूर्ण झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. दगडात कोरलेला अभिमान किती लवकर शिळा झाला, हे त्या फरशीवर उभे राहून कळते.

तेथून जवळच, राष्ट्राध्यक्षांच्या निवासासमोरच्या चौकात, उंच स्तंभावर अल्बुकर्कचा पुतळा आहे. आदिलशाहीकडून गोवा घेणारा आणि १५१० च्या नोव्हेंबरमध्ये शहर दुसऱ्यांदा जिंकल्यावर तेथील मुस्लिम रहिवाशांची कत्तल करवणारा हाच तो. पुतळ्याखालच्या फलकावर काय लिहिले आहे हे जितके वाचावे, तितकेच काय लिहिलेले नाही हे आपण बरोबर घेऊन गेलेले असावे. मुलांना घेऊन जात असाल, तर ही गोष्ट त्यांना तेथेच सांगावी.

मोहन रानडे ज्या तुरुंगात होते तो लिस्बनमध्ये कोठे आहे?

गोवा मुक्तिसंग्रामातील सांगलीचे मोहन रानडे यांना कशियासच्या किल्ल्यातील तुरुंगात ठेवले होते. कशियास हे लिस्बनच्या पश्चिमेला, बेलेमला जाणाऱ्या त्याच कास्कायश लोकलच्या मार्गावर पुढे येणारे स्थानक आहे. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी रानडे यांची सुटका १९६९ च्या जानेवारीत झाली. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात सुधीर फडके यांच्या पुढाकाराने समिती काम करीत होती. गोव्याचे स्वातंत्र्यसेनानी त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना त्याआधी, १९४६ च्या अटकेनंतर, लिस्बनच्या उत्तरेला पेनिश येथील समुद्रकिल्ल्यात पाठवण्यात आले होते.

कशियास येथे आजही तुरुंग आहे, त्यामुळे तो आत जाऊन पाहण्याचे ठिकाण नाही. ज्यांना हा इतिहास समजून घ्यायचा आहे त्यांनी जुन्या शहरातील आल्जुबेचे संग्रहालय पाहावे. सालाझारच्या गुप्त पोलिसांचा हा राजकीय तुरुंग कॅथेड्रलच्या अगदी शेजारी आहे, आणि २०१५ पासून तेथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे संग्रहालय आहे. ज्या कोठडीत कैद्यांना ठेवत तिची रुंदी पाहिली की वेगळे काही सांगावे लागत नाही. आपल्या पर्यटकांच्या यादीत हे ठिकाण क्वचितच असते, याची मला मनापासून खंत वाटते. हेही सोमवारी बंद असते.

बायशाचे रस्ते इतके सरळ आणि बाकीचे शहर इतके वेडेवाकडे का?

याचे उत्तर १ नोव्हेंबर १७५५ या तारखेत आहे. सर्व संतांच्या सणाची सकाळ होती, चर्च माणसांनी भरलेली होती आणि वेद्यांवर मेणबत्त्या तेवत होत्या. साडेनऊ ते दहाच्या दरम्यान भूकंप झाला, त्यानंतर तेजो नदीच्या मुखातून त्सुनामीच्या लाटा शिरल्या आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा त्यातल्या ग्रंथालयासह गेला. पूर्वेकडील व्यापाराचा सारा हिशेब जेथे ठेवला जाई ती काझा दा इंडिया ही कचेरीही तेथेच नष्ट झाली. आज जेथे प्रासा दो कोमेर्सिओचा पिवळ्या कमानींचा चौक आहे, तेथेच हे सारे उभे होते. जुनी माणसे या चौकाला आजही राजवाड्याचे पटांगण याच अर्थाच्या नावाने ओळखतात.

जोसे राजाचा मंत्री, जो पुढे पॉम्बालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आला, त्याने बायशा नव्याने आखून घेतली. काटकोनात छेदणारे रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती आणि भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा, अशी ही रचना होती. भूकंपात दगड ढासळला तरी लाकडी सांगाडा लवचिक राहून इमारत तोलून धरील, हा त्यामागचा विचार. या पिंजऱ्याची चाचणी घेण्यासाठी नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवाईत करायला लावली, असे सांगितले जाते. भूकंपरोधक बांधकाम पद्धतशीरपणे आखण्याच्या युरोपातील अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक आहे, आणि लातूर, कोयना पाहिलेल्या आपल्या माणसांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. अल्फामाचा चढ खडकावर असल्याने तो बराचसा वाचला, म्हणून तेथील गल्ल्या आजही मूरांच्या, म्हणजे मुस्लिम राजवटीच्या, काळच्या वळणाच्या आहेत.

चौकातून अल्फामाकडे जाताना काझा दोस बिकोस ही इमारत लागते. तिच्या दर्शनी भिंतीवर हिऱ्याचे पैलू पाडावेत तसे टोकदार दगड ओळीने बसवलेले आहेत. गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कच्या मुलाने ती १५२३ च्या सुमारास बांधली. आज तेथे जोसे सारामागो प्रतिष्ठानचे कार्यालय आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्या नोबेल विजेत्या लेखकाच्या अस्थी आहेत.

कार्मोच्या पडक्या चर्चमध्ये एवढे काय आहे?

छप्पर नसलेले चर्च आहे. १३८९ मध्ये स्थापन झालेल्या या मठाचे छत १७५५ च्या भूकंपात कोसळले आणि पुढे ते मुद्दाम तसेच ठेवले गेले. आकाशाखाली उघड्या उभ्या असलेल्या त्या कमानी भूकंपाविषयी कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त सांगतात. अर्धा तास पुरतो.

परंतु आपल्यासाठी बाहेरचा लहानसा चौक अधिक महत्त्वाचा आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाहीविरुद्ध उठाव केला, तेव्हा सालाझारचा वारस मार्सेलो कायतानो याने याच चौकातील सुरक्षा दलाच्या मुख्यालयात आश्रय घेतला आणि येथेच सत्ता सोडली. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांमध्ये लोकांनी लाल कार्नेशनची फुले खोवली, ती याच दिवशी. नव्या सरकारने त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला भारताशी करार करून गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तेरा वर्षे अडलेली गोष्ट या चौकातील घटनेनंतर काही महिन्यांत मार्गी लागली. गोव्याच्या माणसाने तरी येथे येऊन चार क्षण बसावे. जाकारांदाच्या झाडांखाली बाके आहेत.

पुढे इतिहासाने आणखी एक वळण घेतले. ज्यांच्या वडिलांचे घराणे मडगावचे, ते आंतोनियो कोश्ता २००७ ते २०१५ या काळात लिस्बनचे महापौर होते आणि त्यानंतर २०२४ पर्यंत पोर्तुगालचे पंतप्रधान.

रोसियो चौकात थांबण्यासारखे काही आहे का?

लाटांच्या नक्षीची काळी-पांढरी फरसबंदी सर्वांनाच आवडते. त्या चौकाच्या टोकाला आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे, तेथे पूर्वी धर्मसमीक्षण न्यायालयाचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, वाडा होता. त्याचीच शाखा गोव्यात १५६० मध्ये स्थापन झाली आणि १८१२ मध्ये बंद झाली. शेजारच्या साओ दोमिंगोस चर्चमध्ये अवश्य जावे. १९५९ च्या आगीत तडकलेले आणि ढलपे उडालेले खांब तसेच राखून वर केवळ नवे छत घातले आहे. बाहेर, १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंच्या स्मरणार्थ एक शिळा आहे.

२८ क्रमांकाच्या ट्राममध्ये बसलेच पाहिजे का?

नाही. मार्तीम मोनीज येथून निघून ग्रासा, अल्फामा, बायशा आणि एस्त्रेला असा तिचा मार्ग सुंदर आहे, परंतु दिवसा तासभर रांग असते आणि आत उभे राहून बाहेरचे काही दिसत नाही. या ट्राममध्ये खिसेकापूंचा सुळसुळाटही आहे. शेवटच्या दिवशी पासपोर्ट गेला तर काय होईल, याचा विचार करावा. ट्रामचा अनुभव हवाच असेल तर सकाळी लवकर जावे, किंवा १२ क्रमांकाची ट्राम घ्यावी. ती किल्ल्याभोवतीच्या भागात फेरी मारते. ग्लोरिया या चढावरील रेल्वेला सप्टेंबर २०२५ मध्ये भीषण अपघात होऊन १६ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा तिच्यावर आपला बेत अवलंबून ठेवू नये.

सोबत वयस्कर आईवडील आहेत. गुडघ्यांना त्रास न होता काय दाखवता येईल?

बेलेम त्यांच्यासाठी उत्तम, कारण तो सारा भाग सपाट आहे आणि बसायला बागा आहेत. जुने शहर दाखवायचे असेल तर बायशातील रुआ दोस फांकेइरोस या रस्त्यावर एका इमारतीत फुकट लिफ्ट आहे. तिने वर गेल्यावर थोड्या अंतरावर दुसरी लिफ्ट मिळते आणि किल्ल्याचा बराचसा चढ वाचतो. सांता जुस्ता या १९०२ च्या लोखंडी उद्वाहकाची रांग मोठी असते. त्याऐवजी टॅक्सीने कार्मोच्या चौकात उतरावे, म्हणजे त्याचा वरचा पूल आणि तेथून दिसणारे शहर दोन्ही पाहता येतात. पोर्ताश दो सोल या सज्जापर्यंत रिक्षासारख्या तीनचाकी टुकटुक जातात. भाडे मात्र बसण्याआधी ठरवावे. बूट रबरी तळव्यांचे असावेत. पाऊस पडल्यावर ही फरसबंदी निसरडी होते आणि घसरून पडण्याचे प्रसंग खरोखरच घडतात.

शाकाहारी माणसाने काय खावे?

भाज्यांचे सूप जवळजवळ प्रत्येक साध्या खाणावळीत मिळते. मात्र काल्दो वेर्दे या हिरव्या सूपमध्ये सहसा डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा तुकडा असतो, म्हणून आधी विचारावे. नुसत्या चीजचा भाजलेला सँडविच हवा असेल तर ‘तोश्ता द केइजो’ मागावा. ‘तोश्ता मिश्ता’ मध्ये हॅम असते. कॅफेंच्या काचेमागे त्रिकोणी ‘शामुसा’ दिसतील. तो आपलाच समोसा, गोवा आणि मोझांबिकमार्गे तेथे रुळलेला, पण आत बहुधा मांस असते. पोळी-भाजी हवीच असेल तर मार्तीम मोनीजच्या परिसरात भारतीय उपखंडातील लोकांची दुकाने आणि खाणावळी आहेत.

बेलेममधील १८३७ पासूनच्या दुकानात मिळणारी कस्टर्डची टार्ट प्रसिद्ध आहे. तिच्यात अंड्याचे बलक भरपूर असतात, हे अंडे न खाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. बाहेर नेण्याची रांग आणि आत बसण्याची रांग वेगळी असते, आणि आत अनेक दालने असल्याने तेथे जागा लवकर मिळते. टार्ट गरम असतानाच, वर दालचिनी भुरभुरून खावी. भारतात आणण्यासाठी ती योग्य नाही.

जेवणाआधी न मागता टेबलावर ठेवलेला पाव, ऑलिव्ह आणि चीज फुकट नसते. नको असल्यास हात न लावता परत द्यावे, त्याचे पैसे लागत नाहीत. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे.

आठवण म्हणून जुनी रंगीत फरशी घ्यावी का?

मंगळवारी आणि शनिवारी भरणाऱ्या फेइरा दा लाद्रा या जुन्या बाजारात सुट्या आझुलेजो फरश्या दिसतात. त्यांतील काही इमारतींच्या दर्शनी भिंतींवरून चोरून काढलेल्या असतात, आणि या चोरीमुळे शहराची अनेक घरे विद्रूप झाली आहेत. मूळ कोठले हे विक्रेत्याला सांगता येत नसेल तर घेऊ नये. नव्याने हाताने रंगवलेल्या फरश्या शहरातील कार्यशाळांमध्ये मिळतात. त्या घ्याव्यात आणि कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवाव्यात. बुचाच्या वस्तू वजनाला हलक्या असतात, म्हणून शेवटच्या दिवसासाठी त्या सर्वांत सोयीच्या. ऑलिव्ह तेल आणि पोर्ट वाइन मोठ्या बॅगेतच ठेवावी. रुआ आउगुस्तावर कोणी जवळ येऊन हळूच अमली पदार्थ विकू पाहील. बहुधा ती साधी पाने असतात. न थांबता पुढे चालत राहावे.

निघण्याआधी तास-दीड तास उरला तर?

कायश दो सोद्रेहून पलीकडच्या काठावरील कासिल्याशला जाणारी फेरीबोट घ्यावी. प्रवास सुमारे दहा मिनिटांचा, तिकीट शहरातील प्रवासाच्या साध्या कार्डावर. पर्यटकांच्या बोटींपेक्षा ही कितीतरी स्वस्त आहे आणि हिच्यात कामावरून परतणारी माणसे असतात. परतीच्या फेरीत किल्ला, कॅथेड्रल, बायशाचा चौक आणि पश्चिमेचा १९६६ चा लाल झुलता पूल एका दृष्टिक्षेपात येतात. गोव्याहून सहा-आठ महिन्यांनी परतणाऱ्या जहाजांना हे शहर याच पाण्यावरून पुन्हा दिसत असे.

विमानतळावर किती आधी पोहोचावे, आणि कराचा परतावा कोठे घ्यावा?

दुबई किंवा इस्तंबूलमार्गे जाणार असाल तर पासपोर्टची तपासणी लिस्बनलाच होते, आणि तेथील रांग लांब असते. साडेतीन तास हाताशी ठेवावेत. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे जाणार असाल तर ही तपासणी त्या विमानतळावर होते, म्हणून तेथे विमान बदलण्यासाठी पुरेसा वेळ आहे ना, हे पाहावे. ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमनाच्या नव्या नोंदपद्धतीत बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाऊ लागले आहे, त्यानेही वेळ लागतो.

मेट्रो सकाळी साडेसहा ते रात्री एक या वेळेत चालते. त्याबाहेरच्या वेळेसाठी टॅक्सी आदल्या रात्रीच ठरवावी. मेट्रो पहिल्या टर्मिनलला पोहोचते. स्वस्त विमान कंपन्या दुसऱ्या टर्मिनलवरून उडतात आणि तेथे नेणारी बस विनामूल्य असते.

कराच्या परताव्यासाठी दुकानातून घेतलेला अर्ज, पासपोर्ट आणि वस्तू घेऊन, मोठी बॅग विमान कंपनीच्या ताब्यात देण्याआधी यंत्रावर नोंद करावी. वस्तू हातातल्या बॅगेत असतील आणि पुढे युरोपीय संघातच विमान बदलायचे असेल, तर ही नोंद संघातील शेवटच्या विमानतळावर होते. जर्मनी किंवा नेदरलँड्ससारख्या देशांत राहणाऱ्यांना हा परतावा मिळत नाही. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना आता मिळतो.